रक्त विकणाऱ्यांच्या शहरातली प्रेमकथा

साशंक: करिसा ब्रॉडबेंट यांची ‘द सर्पंट अँड द विंग्ज ऑफ नाइट’ मी शेवटच्या पानापर्यंत वाचली. कंटाळलो नाही, हे आधी सांगून टाकतो. पण तुम्ही तिला डिस्टोपिया म्हणता, ते मला पटत नाही. डिस्टोपिया लिहिणाऱ्याला एखाद्या व्यवस्थेची चीड आलेली असते. ती कशी चालते, तिच्यात कोण भरडलं जातं, तिच्यावर कोणाचं पोट भरतं, हे तो हात धरून दाखवतो. इथे ऑबिट्रेस नावाची भूमी आहे, तिच्यावर व्हॅम्पायरांची तीन राज्यं आहेत. त्यातल्या एका राज्याच्या राजधानीत माणसांची वेगळी वस्ती आहे आणि रात्री तिथे शिकार चालते. एवढं सांगून झालं की कथा महालात शिरते आणि तिथेच रमते. पुढे न्याक्सिया या देवीच्या नावाने दर 100 वर्षांनी होणारी केजारी ही जीवघेणी स्पर्धा, तिच्या एकामागून एक फेऱ्या आणि स्पर्धेत भेटलेला देखणा प्रतिस्पर्धी राइन. असं रिंगण सुझान कॉलिन्स यांनी 2008 मध्ये ‘द हंगर गेम्स’मध्ये आखलं होतंच. तिथे मात्र रिंगणाबाहेरचा उपाशी जिल्हा, तिथल्या खाणी, रेशन हे सगळं आपल्या लक्षात राहतं. या कादंबरीतली माणसं दिवसा काय काम करतात, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

चाहती: माणसांची वस्ती थोडक्यात उरकली आहे, हे खरंच आहे. पण व्यवस्था दाखवायची तर बाजार, शेती, करवसुली दाखवलीच पाहिजे असं नाही. कथेची नायिका ओराया खोलीबाहेर पडताना काय करते ते बघा. ती काळजाचे ठोके ताब्यात आणते. व्हॅम्पायरांना ठोका ऐकू येतो, भीतीचा वास येतो आणि भ्यालेलं माणूस दिसलं की त्यांची भूक जागी होते. म्हणून लहानपणापासून तिच्याकडून घोटून घेतलंय की भीती वाटली तरी ती अंगात उतरू द्यायची नाही. ती राजाची मानलेली मुलगी आहे. तिच्याकडे विषाची धार दिलेली शस्त्रं आहेत, डोक्यावर छप्पर आहे, शिक्षण आहे. तरी स्वतःच्या घरात ती एक क्षण बेसावध राहू शकत नाही. पाचशेच्या आसपास पानं आपण त्या सावध शरीरात काढतो. कायदेकानूंची चार प्रकरणं वाचून मला जे कळलं नसतं, ते तिच्या रोखून धरलेल्या श्वासातून कळलं. राज्य कसं आहे हे राजपत्रातून कळतं, तसं ते घाबरलेल्या माणसाच्या चालण्यावरूनही कळतं. लेखिकेने दुसरी वाट धरली.

साशंक: वाट चांगली धरली. पण त्या वाटेने चालायला माणूस कोण निवडला? राजाची मुलगी. दडपलेल्या प्रजेतली एकमेव मुलगी, जिला तलवार मिळाली, गुरू मिळाला, स्पर्धेत उतरायची मुभा मिळाली. ती चोरून वस्तीत जाते आणि तिथे शिकारीला आलेल्या व्हॅम्पायरांना मारते, म्हणजे ज्यांना वाचवते त्यांच्यात ती राहतही नाही. हेही चाललं असतं. माझा खरा राग शेवटावर आहे, आणि शेवट सांगितल्याशिवाय या पुस्तकावर बोलताच येत नाही. राजा व्हिन्सेंट मरतो आणि त्याच्या वारसाची खूण ओरायाच्या अंगावर उमटते. म्हणजे ती त्याची मानलेली मुलगी नव्हतीच, पोटची होती, अर्धी व्हॅम्पायर. आता मागे वळून सगळा हिशेब मांडा. या भल्यामोठ्या पुस्तकात एकच माणूस काही करून दाखवतं, बलाढ्य व्हॅम्पायरांसमोर टिकतं, आणि अखेरीस कळतं की ते पूर्ण माणूस नव्हतंच. ‘दुबळी असूनही लढली’ हा जो आनंद पुस्तकाने मला इतका वेळ दिला, तो शेवटी काढून घेतला. रक्तातच काही होतं म्हणून ती टिकली, असं म्हणायला जागा झाली. ज्या व्यवस्थेत जन्मावरून किंमत ठरते, तिच्याविरुद्ध लिहिताना नायिकेला जन्माचाच दाखला का द्यावा लागला?

चाहती: तुमचा हा आक्षेप मला लागला. माझ्यापाशी त्याचं पूर्ण उत्तर नाही. पण ती खूण फक्त ओरायाबद्दल बोलत नाही, ती व्हिन्सेंटबद्दल बोलते, आणि या कादंबरीचं मोठेपण मला व्हिन्सेंटमध्ये दिसतं. मुखपृष्ठ, जाहिरात, वाचकांची चर्चा सगळी राइनभोवती फिरते. माझ्या मते मात्र यातलं सगळ्यांत खोल नातं बाप-लेकीचं आहे.

हा राजा 200 वर्षांपूर्वी स्वतः केजारी जिंकून गादीवर आला. त्या जगात वारस म्हणजे उद्याचा मारेकरी. त्याने गादी रक्त सांडूनच मिळवली आहे. बंडाळी मोडताना एका पडक्या घरात त्याला ही चिमुरडी सापडते. अंगात त्राण नसताना ती त्याच्याशी झुंजते, आणि तो तिला उचलून घरी आणतो. मग वर्षानुवर्षं तो तिला शस्त्र शिकवतो आणि त्याच तोंडाने सांगत राहतो की तू दुबळी आहेस, बाहेर सगळे तुला खायला टपलेत, माझ्याशिवाय तुझं कोणी नाही. त्याचा एकेक शब्द खरा आहे, आणि तरीही त्यातून तो पिंजरा बांधतो. तो खोटं प्रेम करत असता तर पुस्तक सोपं झालं असतं. तो जिवापाड प्रेम करतो आणि तिला जगणं अशक्य करून ठेवतो.

मधल्या भागातलं सलिनाए आठवा. ते शहर म्हणजे जिथून तिला उचलून आणलं ते गाव, तिच्या जन्माच्या माणसांपैकी तिथे कोणी उरलं असेल ही तिची आशा. केजारी जिंकून तिला बळ हवं आहे ते कशाला? त्या बळावर तिथे जाऊन आपली माणसं सोडवायला. आणि बापच युद्धाच्या डावात ते शहर बेचिराख करतो. ती जाब विचारायला जाते तेव्हा समोर राजा आणि बाप एकाच चेहऱ्याने उभे असतात. त्याला तिचा आक्रोश कळत नाही असं नाही, पण राजा म्हणून जे केलं त्याची क्षमा मुलीकडे मागायची असते, हे त्याला ठाऊकच नाही. मुलींना ‘तुझ्या काळजीपोटी’ असं म्हणत घरात ठेवणारे बाप ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रसंग व्हॅम्पायरांचा वाटणार नाही. म्हणून ती खूण उमटते तेव्हा मला तिच्या जन्माचा दाखला दिसला नाही. त्याची फसवणूक दिसली. सत्य सांगितलं असतं तर ती त्याची मुलगी झाली असती आणि त्याला धोकाही. त्याने तिला दुबळी समजून जगायला लावलं.

साशंक: व्हिन्सेंटबद्दल मी हात जोडतो. तो मेला तेव्हा मलाही चुटपुट लागली, आणि अत्याचारी राजाच्या मरणाने वाचकाला चुटपुट लावणं येरागबाळ्याचं काम नाही. पण व्हिन्सेंट इतका खरा आहे म्हणूनच राइन मला बेतलेला वाटतो. तो पूर्वी माणूस होता, त्याला व्हॅम्पायर केलं गेलं. आधीच्या राजाने त्याला गुलाम करून ठेवलं होतं. तो माणसांच्या वस्तीतल्या गुत्त्यात जाऊन तिथली बेचव बिअर आवडीने पितो. तोही शिकाऱ्यांना मारतो. म्हणजे रक्त पिणाऱ्या पुरुषावर प्रेम कसं करावं, हा जो काही अवघड प्रश्न होता, तो नायकाला चांगुलपणाची प्रमाणपत्रं देऊन सोडवला.

ही जुनी खोड आहे. शेरिडन ल फानू यांच्या 1872 च्या ‘कार्मिला’त आणि ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 च्या ‘ड्रॅक्युला’त जवळ येणं आणि जीव घेणं यांत फरकच करता येत नव्हता, भीती तिथे होती. आपल्याकडे नारायण धारपांची ‘लुचाई’ वाचताना रात्री खिडकीकडे बघवत नसे, ते त्याच कारणाने. 2005 मध्ये ‘ट्वायलाइट’ आली, त्यातलं कुटुंब जनावरांच्या रक्तावर जगू लागलं आणि व्हॅम्पायर सासरी नेण्याजोगा झाला. ब्रॉडबेंट यांनी दात परत दिले, हे मान्य. पण ज्याला दात आहेत तो आधीच सज्जन ठरवून ठेवलाय.

चाहती: सज्जन कसा? शेवट तुम्हीच सांगितलात, मग तोच पुढे वाचू. अंतिम फेरीत दोघं समोरासमोर येतात, ओराया त्याला मारते, जिंकते आणि देवीकडे एकच वर मागते, त्याचे प्राण. तो उठतो, व्हिन्सेंटला तिच्या डोळ्यांदेखत मारतो आणि स्वतःला शत्रू वंशाचा वारस म्हणून जाहीर करतो. त्याची गादी, त्याचा डाव, त्याने ब्लडबॉर्न या दुसऱ्या राज्यातल्या व्हॅम्पायरांशी केलेली हातमिळवणी, हे सारं तिच्यापासून लपवलेलं होतं. बापानेही लपवलं, प्रियकरानेही लपवलं. ज्याच्या मिठीत तिने प्रथमच ठोके आवरायचं सोडलं, त्याच्यापाशीही एक राज्य होतं. सोज्वळ नायकाची कथा अशी संपत नाही.

आणि मधला तो प्रसंग, जिथे राइनची भूक त्याला आवरेनाशी होते आणि ओराया आपणहून त्याला गळा देते. तिच्या गळ्यावर जुने व्रण आहेत. कोवळ्या वयात ज्याच्यावर जीव टाकला, त्यानेच तिला ओरबाडलं होतं. म्हणजे या बाईला रक्त देणं म्हणजे काय, हे अंगावर माहीत आहे. ती देते तेव्हा कृपा करत नाही आणि हरतही नाही. जी गोष्ट त्या राज्यात फक्त लुटली जाते किंवा विकली जाते, ती इथे पहिल्यांदा कोणी स्वखुशीने देतं. त्या चार-सहा पानांत प्रेमकथा आणि डिस्टोपिया वेगळ्या राहत नाहीत. एरवी त्या शेजारी शेजारी चालतात, हे मी कबूल करते. पण असा प्रसंग एकदा जमला की मी बाकीचं बरंच माफ करते.

साशंक: मी इतकं माफ करत नाही, कारण मी संपादक म्हणून वाचतो. हजारो वर्षांची देवता, शतकांची वैरं, आणि पात्रं बोलतात मात्र आजच्या अमेरिकी कॉलेजातल्या मुलांसारखी, शिव्यासुद्धा त्याच. भावनेचा प्रसंग आला की एका ओळीचा परिच्छेद, मग आणखी एक ओळ, मग पुन्हा. जे वाचकाला समजलं आहे ते ओराया मनातल्या मनात परत सांगते. हे पुस्तक 2022 मध्ये लेखिकेने स्वतः काढलं, आणि माझ्या मते या दोषांचा त्याच्याशी संबंध आहे. पगारी संपादक लेखकाच्या हाताखाली नसतो, म्हणून तो ‘हे पान काढा’ म्हणू शकतो. स्वतः पैसे देऊन नेमलेला संपादक तेवढ्या ठामपणे म्हणेल का? शिवाय तो सगळा बाजारच जाड पुस्तकाला धार्जिणा आहे. अमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड योजनेत 2015 पासून लेखकाला मोबदला मिळतो तो वाचकाने वाचलेल्या पानांच्या हिशेबाने. याच पुस्तकावर मी आरोप करत नाही. पण जिथे पानांवर पैसे मिळतात, तिथे काटछाट करायला कोण धजेल?

चाहती: पान वाचलं गेलं तरच पैसे आहेत ना? कंटाळून वाचक तिसाव्या पानावर उठला तर जाड पुस्तकाचा उपयोग काय? त्या योजनेने लेखकाला पाल्हाळ शिकवला असेल, पण वाचकाला धरून ठेवायलाही शिकवलं. तुम्ही कंटाळला नाहीत, हे तुमचंच पहिलं वाक्य होतं.

स्वतः प्रकाशित करणं म्हणजे संपादन न करणं, ही समजूत आपल्याकडच्या अनुभवातून आलीय. आपल्याकडे लेखक पदरचे पैसे घालून छापतो, गठ्ठे घरी आणतो, शुद्धलेखन कोणी बघत नाही, आणि प्रती ओळखीपाळखीत वाटल्या जातात. तिकडे गेल्या काही वर्षांत हा पूर्ण वेगळा व्यवसाय उभा राहिलाय. मुखपृष्ठ करणारे, भाषा तपासणारे, कच्चा खर्डा वाचून मत देणारे वाचक, सगळे लेखक स्वतः जमवतो. मागणीनुसार एकेक प्रत छापली जाते, गठ्ठे पडून राहत नाहीत. अमेझॉनवर 2.99 ते 9.99 डॉलर किमतीच्या ई-पुस्तकाला 70 टक्क्यांपर्यंत रॉयल्टी आहे. मिनेसोटातली अमांडा हॉकिंग बघा. प्रकाशकांचे नकार झेलून 2010 मध्ये तिने ‘माय ब्लड अप्रूव्ह्ज’ ही व्हॅम्पायर प्रेमकथा स्वतःच ई-पुस्तक म्हणून काढली, पाठोपाठ आणखी पुस्तकं आली, आणि वर्षभरात सगळ्या मिळून दहा लाखांवर प्रती खपल्या.

साशंक: आणि 2011 मध्ये तिनेच सेंट मार्टिन्स प्रेसशी चार पुस्तकांचा 20 लाख डॉलरांचा करार केला. कशासाठी? संपादनाची धड व्यवस्था आणि लिहायला मोकळा वेळ मिळावा म्हणून, असं तिनेच सांगितलं. माझा मुद्दा तिनेच मांडला, असं मी समजतो.

चाहती: तिचा थकवा खरा होता. पण तिला आधी स्वतःच्या हिमतीवर वाचक मिळाले, मग प्रकाशक आले, हा क्रम विसरू नका. ब्रॉडबेंट यांचंही तसंच. 2023 मध्ये मॅकमिलनच्या ब्रॅम्बल या शाखेने हीच कादंबरी कापडी बांधणीत काढली. कथा तीच राहिली. ओराया तीच, सलिनाए तसंच, माणसांची वस्ती तितकीच. मोठ्या प्रकाशकाच्या दारात गेल्यावर तुमचे आक्षेप दूर झाले का? म्हणजे वस्ती कोपऱ्यात राहिली त्याला संपादकाचा अभाव कारण नव्हता. या प्रकारच्या कादंबरीचा आकारच तसा आहे. दोन माणसांवरून कॅमेरा हलला तर प्रेमकथेचा वाचक अस्वस्थ होतो. मराठीतही प्रतिलिपी या ऑनलाइन मंचावर हप्त्याहप्त्याने प्रेमकथा आणि भयकथा लिहिणाऱ्या बायका आहेत. पुढचा भाग कधी, हे वाचक खालीच विचारतात. तो धाक कोणत्याही संपादकापेक्षा मोठा असतो. त्याने लेखन सुधारतं तसं एका चाकोरीतही जातं. प्रश्न विचारायचा असेल तर त्या धाकाबद्दल विचारा.

साशंक: विचारतो. मघाशी मी म्हणालो की माणसं या पुस्तकात नाहीत. तुमच्याशी बोलताना लक्षात येतंय की ते चूक आहे. माणसं आहेत, आणि लेखिकेला ती दिसतात. इलाना आहे ना! रक्त विकून पोट भरणारी, मनमोकळी, ओरायाला आईसारखी. ती मोजक्या पानांत इतकी जिवंत उभी राहते की मला वाटलं, आता हिच्यामुळे कथा वस्तीत शिरेल. आणि केजारी सुरू होताहोता ती मरते. का मरते? ओरायाला एकटं पाडायला. सलिनाए का बेचिराख होतं? ओराया आणि बापामध्ये दरी पडावी म्हणून. एक अख्खं शहर गेलं आणि पानांवर शोक आहे तो एका मुलीच्या हुकलेल्या आशेचा. मला खटकतं ते हे. माणसांचं मरण या कादंबरीत नायिकेच्या मनाला आकार देण्यासाठी खर्च होतं. व्हॅम्पायर त्यांना रक्तासाठी वापरतात, कथा त्यांना भावनेसाठी वापरते.

चाहती: फार कठोर बोललात, आणि मला ते सहज झटकता येत नाही. मी एवढंच म्हणेन की कथा ओरायाच्या तोंडून आहे, आणि तिला आपली माणसं कधी जवळून बघूच दिलेली नाहीत. सलिनाएतल्या एकाचंही नाव तिला ठाऊक नाही. ती शोक करणार तरी कोणाचा? तिच्याकडे आशाच होती. हे तुटलेपण व्हिन्सेंटने केलेल्या गुन्ह्याचाच भाग आहे, आणि पुस्तकाने ते खोटं भरून काढलं नाही. गुत्त्यात बिअर पिताना ती पहिल्यांदा बघते की भीतीशिवायही माणसं एका छताखाली बसून हसतात. तिथे ती परकी आहे, आणि ते तिला कळतं. पण लेखिकेने तिला तिथे आणखी दोनदा तरी न्यायला हवं होतं, दिवसाउजेडी. हे मी आज पहिल्यांदाच मान्य करतेय.

दुसऱ्या भागात, ‘द ॲशेस अँड द स्टार-कर्स्ड किंग’मध्ये, राइनलाही स्वतःचा आवाज मिळतो, ओरायाच्या आईची हकीकत कळते, आणि शेवटी ती दोघं मिळून राज्य करतात.

साशंक: म्हणजे सिंहासन राहतं. अर्धी माणूस असलेली राणी त्यावर बसते. तिच्या हातून वस्तीचं भलं होईलही. पण इलानासारखी बाई दुसऱ्या दिवशी उठून काय करेल? रक्त विकेल. फार तर भाव बरा मिळेल. ही कादंबरी इलानाने सांगितली असती तर?

चाहती: मला ती वाचायची आहे. मात्र तीही प्रेमकथाच असावी, हा माझा हट्ट आहे. गरीब, दबलेल्या बाईची गोष्ट म्हटली की तिच्यातून शरीराचं सुख, ओढ, रुसवा सगळं काढून फक्त दुःख ठेवायचं, हे मला मंजूर नाही. प्रेम फक्त राजकन्यांनी का करावं?

साशंक: करू दे. पण कोणावर? वस्तीतल्या एखाद्या माणसावर केलं तर तुमच्या वाचकांना हवे ते दात आणि पंख गेले. आणि व्हॅम्पायरावर केलं, तर जो तिच्याकडून रक्त विकत घेतो त्याच्यावर. ओराया गळा पुढे करते तेव्हा तिच्या हातात धारदार पातं आहे, पाठीशी राजा आहे, ती नाही म्हणू शकते. इलाना नाही म्हणाली तर तिला संध्याकाळचं जेवण नाही. तिचं ‘हो’ स्वखुशीचं होतं, हे तुम्ही वाचकाला कशावरून पटवणार?

चाहती: तिच्या ‘नाही’वरून. एक प्रकरण असं लिहावं लागेल, ज्यात ती त्याला नाही म्हणते, उपाशी राहते, आणि तो दुसऱ्या रात्री रिकाम्या हाताने, काही न मागता येतो.

साशंक: आणि तिसऱ्या रात्री? तिची भूकही वाढलेली असेल, त्याचीही.

चाहती: तिसऱ्या रात्रीचं मला अजून सुचत नाही.